चार कंडेन्सर बदलले की आजोबांचा रेडिओ पुन्हा बोलतो, पण तो ज्याच्या डोक्यातून निघाला त्या माणसाचं काय झालं?

गावाकडच्या घरात माळ्यावर एक जुना रेडिओ हमखास सापडतो. मर्फी, फिलिप्स नाहीतर बुश. लाकडी पेटी, पुढे कापडाची जाळी, आकडे छापलेली काचेची पट्टी आणि तिच्यावरून सरकणारा काटा.

दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी तो खाली काढतं, फडक्याने पुसतं आणि उत्साहाच्या भरात थेट प्लग लावतं. मग होतं काय? नशीब चांगलं असेल तर नुसती घुंऽऽऽ अशी घरघर येते. नशीब वाईट असेल तर मेण जळाल्याचा वास येतो, धूर निघतो आणि घरातली मोठी माणसं ओरडतात.

मग कुणीतरी जुना रेडिओ मेकॅनिक गाठतं. तो मागचा पुठ्ठा काढतो, आत बघतो आणि सांगतो की कंडेन्सर गेलेत. चार-पाच, कधी दहा-बारा कंडेन्सर बदलले जातात आणि साठ-सत्तर वर्षांचा तो डबा पुन्हा गायला लागतो.

आता प्रश्न असा की इतक्या जुन्या यंत्रातले फक्त कंडेन्सरच बदलावे लागतात आणि बाकीचं सगळं तसंच कसं चालतं? कारण रेडिओतले सुटे भाग म्हातारे होतात, पण त्याची मांडणी म्हातारी होत नाही. ती मांडणी १९१८ सालची आहे. तिच्यामागे ज्याचं डोकं होतं त्याचं नाव एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग.

चंद्रावर गेलेला तो नील आर्मस्ट्राँग. हा वेगळा. पण तुम्ही गाडीत एफएम लावता ना, ते या आर्मस्ट्राँगने दिलं. आणि त्याच एफएमपायी त्याचं घर, पैसा आणि शेवटी जीवही गेला.

आधी कंडेन्सरचं बघू.

कंडेन्सर म्हातारा होतो म्हणजे काय होतं?

कंडेन्सरला आता कपॅसिटरही म्हणतात. काम सोपं आहे. दोन धातूचे पत्रे आणि मध्ये वीज न जाऊ देणारा थर. तो थोडी वीज साठवतो आणि लागेल तशी सोडतो. एका दिशेने वाहणारी वीज, म्हणजे डीसी, तो अडवतो आणि सतत दिशा बदलणारी वीज, म्हणजे एसी, पलीकडे जाऊ देतो. गाण्याचा सिग्नल एसी असतो, म्हणून तो कंडेन्सरमधून पुढे सरकतो.

व्हॉल्व्हच्या रेडिओत दोन प्रकारचे कंडेन्सर हमखास जातात.

पहिला इलेक्ट्रोलिटिक. यात अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि रसायनात भिजवलेला कागद असतो. आलेल्या विजेतले चढउतार सपाट करणं हे याचं काम. वर्षानुवर्षं पडून राहिला की आतला ओलावा सुकतो आणि मधला पातळ थर कमकुवत होतो. मग चढउतार तसेच पुढे जातात आणि आपल्याला ती घरघर ऐकू येते.

दुसरा मेणकागदाचा. कागद आणि पत्रा गुंडाळून वरून मेण ओतलेलं. कागद हळूहळू हवेतला ओलावा शोषतो आणि जी वीज अडवायची तीच गळायला लागते. शेवटच्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या आधीचा कंडेन्सर गळका निघाला, तर तो व्हॉल्व्ह भलताच तापतो आणि सोबत ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. म्हणून जुना रेडिओ तपासल्याशिवाय प्लगला लावायचा नसतो.

हे झालं शरीराचं. आता मेंदूकडे येऊ.

खांबावर चढणारा पोरगा

एडविनचा जन्म १८ डिसेंबर १८९० चा, न्यूयॉर्क शहरातला. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकेतल्या शाखेत होते, आई शाळेत शिकवायची. लहानपणी त्याला एक मोठं आजारपण आलं. त्या आजाराने अंगाला नकळत झटके बसतात. दोन वर्षं शाळा सुटली. पोरगा बरा झाला, पण ताण आला की खांदा आणि मान उडण्याची खोड आयुष्यभर राहिली.

या आजारपणाने तो एकलकोंडा झाला आणि यंत्रांमध्ये रमला. कुटुंब यॉन्कर्स गावात राहायला गेलं होतं, हडसन नदीच्या काठावर. मार्कोनीच्या बिनतारी संदेशांची तेव्हा जगभर हवा होती. एडविनने घराच्या वरच्या खोलीत आपली प्रयोगशाळा मांडली. पुढे अंगणात अँटेनासाठी शंभर फुटांहून उंच खांब स्वतःच्या हाताने उभा केला आणि खुर्चीला दोर बांधून तो त्यावर चढायचा. उंचीची भीती त्याला ठाऊकच नव्हती.

कोलंबिया विद्यापीठात तो इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकायला लागला. यॉन्कर्सहून कॉलेजला मोटरसायकलवर यायचा. मास्तरांनी सांगितलेलं मान डोलावून ऐकणाऱ्यांतला तो नव्हता.

तेव्हा ली डी फॉरेस्ट नावाच्या संशोधकाने ऑडिऑन नावाचा व्हॉल्व्ह बनवून सहा वर्षं झाली होती. गंमत म्हणजे तो नेमका कसा चालतो हे खुद्द डी फॉरेस्टलाही नीट सांगता येत नव्हतं. एडविनने मोजमापं घेऊन ते शोधून काढलं. आणि १९१२ मध्ये त्याला एक युक्ती सुचली. व्हॉल्व्हमधून बाहेर पडणारा सिग्नल थोडासा मागे वळवून पुन्हा आत सोडला तर? तो पुन्हा मोठा होईल, पुन्हा आत जाईल, पुन्हा मोठा होईल. बारीकसा आवाज हेडफोन टेबलावर ठेवूनही ऐकू येण्याइतका मोठा झाला.

याला रिजनरेशन म्हणतात. आणि हाच फेरा जरा आणखी वाढवला तर तोच व्हॉल्व्ह स्वतः लहरी तयार करायला लागतो, म्हणजे रेडिओ केंद्राचं काम करतो. ऐकणं आणि प्रसारण, दोन्ही एकाच सर्किटने बदलून टाकलं. वय किती? बावीसच्या आत.

वडिलांचा नकार आणि नोटरीचा शिक्का

आता पेटंट घ्यायचं तर पैसे हवेत. वडील म्हणाले, आधी पदवी घे. पैसे मिळाले नाहीत. शेवटी काकांच्या सल्ल्याने त्याने सर्किटचा कागद नोटरीकडे नेला आणि ३१ जानेवारी १९१३ ला त्यावर शिक्का मारून घेतला. पेटंटचा अर्ज गेला तो ऑक्टोबरमध्ये.

हे काही महिने पुढे फार महागात पडले. डी फॉरेस्टने दावा केला की हा शोध त्याने आधीच लावला होता. त्यातून जी केस उभी राहिली ती थोडीथोडकी नाही, जवळपास वीस वर्षं चालली.

सुरुवातीचे निकाल आर्मस्ट्राँगच्या बाजूने लागले होते. समोरचा पैशाने खंगला होता. कोर्टखर्च माफ कर आणि प्रकरण मिटव, असा सल्ला त्याला मिळाला. आर्मस्ट्राँग अडून बसला, खर्च वसूल करणारच म्हणाला. प्रकरण उघडं राहिलं, फिरलं आणि १९२८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात तो हरला. १९३४ मध्ये पुन्हा हरला.

इंजिनिअर मंडळींना हा निकाल पटला नाही. रेडिओ इंजिनिअरांच्या संस्थेने १९१७ मध्ये आपलं पहिलं मानाचं पदक त्याला दिलं होतं. हरल्यावर ते परत करायला तो त्यांच्या अधिवेशनात गेला. संस्थेने पदक परत घ्यायला नकार दिला आणि सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं. कायद्याच्या कागदावर मात्र नाव डी फॉरेस्टचंच राहिलं.

पॅरिसमध्ये सापडलेली मांडणी

मधल्या काळात पहिलं महायुद्ध आलं होतं. आर्मस्ट्राँग अमेरिकन सैन्याच्या सिग्नल कोअरमधून पॅरिसला गेला. १९१८ मध्ये तिथे त्याच्या डोक्यात पुढचा किडा वळवळला. शत्रूच्या विमानाच्या इंजिनातल्या ठिणग्यांमधून फार वरच्या फ्रिक्वेन्सीच्या लहरी निघतात. त्या पकडता आल्या तर विमान कुठे आहे ते कळेल. पण इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीला मोठं करणं त्या काळच्या व्हॉल्व्हना जमत नव्हतं.

मग त्याने विचार उलटा केला. व्हॉल्व्हला वर नेता येत नसेल, तर सिग्नलच खाली आणू.

हे तुमच्या माळ्यावरच्या रेडिओवरच समजून घेऊ. समजा तुम्ही पुणे केंद्र लावलं, ७९२ किलोहर्ट्झ. रेडिओच्या आत एक छोटं सर्किट स्वतःची १२४७ किलोहर्ट्झची लहर तयार करतं. दोन्ही लहरी एकमेकींत मिसळल्या की त्यांच्या फरकाची तिसरी लहर निघते. १२४७ वजा ७९२ म्हणजे ४५५. आता तुम्ही दुसरं कुठलंही स्टेशन लावा, आतली लहर त्याच्यापेक्षा ४५५ ने वरच राहते आणि फरक ४५५ च येतो. म्हणजे पुढच्या सगळ्या सर्किटला आयुष्यभर एकच फ्रिक्वेन्सी सांभाळायची. ती उत्तम मोठी करता येते आणि शेजारचं स्टेशन मध्ये घुसत नाही.

याला सुपरहेटरोडाइन म्हणतात, थोडक्यात सुपरहेट. तुम्ही स्टेशनचं बटण फिरवता तेव्हा आत अर्धगोल पत्र्यांची एक जोडी एकमेकांत सरकते. मेकॅनिक तिला गँग कंडेन्सर म्हणतो. तिचा एक भाग स्टेशन पकडतो आणि दुसरा भाग ती आतली लहर बदलतो. दोन्ही एकाच दांड्यावर, कारण फरक कायम राहिला पाहिजे. या पत्र्यांच्या मध्ये नुसती हवा असते. सुकायला काही नाही, गळायला काही नाही. म्हणून बाकीचे कंडेन्सर जातात पण हा गँग सत्तर वर्षांनीही फिरतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्याच सुमारास फ्रान्सचा ल्युसियन लेव्ही आणि जर्मनीचा वॉल्टर शॉट्की हेही याच कल्पनेपर्यंत पोहोचले होते आणि पुढे पेटंटच्या वादात लेव्हीच्या बाजूनेही बरंच काही गेलं. पण ही मांडणी चालत्या यंत्रात उतरवून घराघरांत पोहोचली ती आर्मस्ट्राँगच्या हातून.

सेक्रेटरी, टॉवर आणि हनिमूनचा रेडिओ

युद्धानंतर वेस्टिंगहाउस कंपनीने त्याची दोन पेटंट ३ लाख ३५ हजार डॉलरला घेतली. पुढच्या एका शोधाबद्दल आरसीए या बड्या रेडिओ कंपनीने रोख रक्कम आणि शेअर दिले. आर्मस्ट्राँग आरसीएचा सगळ्यात मोठा व्यक्तिगत भागधारक झाला.

आरसीएत त्याचा जुना मित्र होता, डेव्हिड सार्नॉफ. लहानपणी रशियन साम्राज्यातून आलेला गरीब घरचा मुलगा, आता कंपनीत झपाट्याने वर चढत होता. १९१४ च्या जानेवारीत न्यू जर्सीच्या कडाक्याच्या थंडीत दोघांनी रात्र जागवून आर्मस्ट्राँगच्या सर्किटवर आयर्लंड आणि होनोलुलूचे संदेश ऐकले होते. तेव्हापासूनची दोस्ती.

आणि सार्नॉफच्या ऑफिसात होती मॅरियन मॅकइनिस, त्याची सेक्रेटरी. आर्मस्ट्राँग तिच्या प्रेमात पडला. मे १९२३ मध्ये तो आरसीएच्या इमारतीवरच्या अँटेना टॉवरच्या टोकावर चढला, तिथे कसरती केल्या, फोटो काढून घेतले आणि ते मॅरियनला पाठवले. सार्नॉफ इतका भडकला की त्याने मित्राला तिथे यायलाच बंदी घातली.

मॅरियन मात्र हो म्हणाली. १ डिसेंबर १९२३ ला लग्न झालं. आर्मस्ट्राँगने तिला भेट काय दिली? उचलून नेता येईल असा सुपरहेट रेडिओ, जगातला पहिला. दोघं तो घेऊन फ्लोरिडाच्या समुद्रकिनाऱ्यावर गेले. वाळूत बसलेलं जोडपं आणि मध्ये तो भलाथोरला डबा, असा त्यांचा फोटो आजही बघायला मिळतो.

दुसऱ्याच वर्षी आरसीएने सुपरहेट रेडिओ बाजारात आणला. पुढच्या दहा-बारा वर्षांत जगभरच्या रेडिओंनी हीच मांडणी उचलली.

खरखर घालवणारा माणूस

रेडिओला एक रोग होताच. पावसाळ्यात वीज कडाडली की मीडियम वेव्हवर खर्रर्र होतं, आठवतंय? सार्नॉफला ही खरखर घालवणारं काहीतरी हवं होतं. आर्मस्ट्राँग कामाला लागला.

खरखर का येते? जुन्या पद्धतीत, म्हणजे एएममध्ये, आवाजाप्रमाणे लहरीची उंची कमीजास्त होते. आकाशातली वीजही लहरीची उंचीच हलवते. गाणं कुठलं आणि वीज कुठली, हे रेडिओला ओळखता येत नाही.

आर्मस्ट्राँगने उंचीला हातच लावला नाही. आवाजाप्रमाणे फ्रिक्वेन्सी बदलायची, उंची तीच ठेवायची. रेडिओने उंचीतला सगळा हलकल्लोळ छाटून टाकायचा आणि फक्त फ्रिक्वेन्सीतला बदल ऐकायचा. ही कल्पना नवी नव्हती, पण मोठ्या गणितज्ञांनी तिला निकालात काढलं होतं. कारण सगळे ती अरुंद पट्ट्यात बसवू पाहत होते. आर्मस्ट्राँगने पट्टा भरपूर रुंद केला आणि खरखर गायब झाली. २६ डिसेंबर १९३३ ला त्याला पेटंट मिळाली. हेच एफएम.

१९३४ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या माथ्यावरून चाचण्या झाल्या. शंभरेक किलोमीटरवर स्वच्छ आवाज पोहोचला. पुढच्या वर्षी इंजिनिअरांच्या सभेत त्याने प्रात्यक्षिक दिलं. यॉन्कर्सच्या केंद्रात कुणी पेल्यात पाणी ओतलं, कागद चुरगाळला, आणि न्यूयॉर्कच्या सभागृहात बसलेल्यांना तो आवाज शेजारी घडल्यासारखा ऐकू आला.

मित्राला आनंद व्हायला हवा होता ना? पण सार्नॉफला हवी होती जुन्या रेडिओची खरखर घालवणारी एखादी जोडणी. आर्मस्ट्राँगने आणलं ते एक वेगळंच रेडिओविश्व, ज्यात एएमची केंद्रं आणि एएमचे रेडिओ, म्हणजे आरसीएचा सगळा धंदा जुना ठरणार होता. शिवाय कंपनीचं लक्ष टीव्हीकडे लागलं होतं. १९३५ मध्ये आर्मस्ट्राँगला एम्पायर स्टेटवरून सामान हलवायला सांगण्यात आलं.

एका आदेशाने पाच लाख रेडिओ निकामी

आर्मस्ट्राँग थांबला नाही. न्यू जर्सीतल्या अल्पाइन गावात त्याने स्वतःचे ३ लाखांहून जास्त डॉलर घालून चारशे फुटांहून उंच टॉवर आणि एफएम केंद्र उभं केलं. केंद्रं वाढायला लागली, कंपन्या परवाने घ्यायला लागल्या. आरसीएने १९४० मध्ये एकरकमी १० लाख डॉलर देऊ केले. पण इतर कंपन्या दर रेडिओमागे रॉयल्टी देत होत्या. मग आरसीएला सवलत का? त्याने नकार दिला.

दुसऱ्या महायुद्धात त्याने आपली एफएमची पेटंट अमेरिकन सैन्याला रॉयल्टी न घेता वापरू दिली.

युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, सरकारी नियामक संस्थेने एफएमची जागाच बदलली. आधी ते ४२ ते ५० मेगाहर्ट्झवर होतं, आता ८८ ते १०८ वर न्यायचं ठरलं. आर्मस्ट्राँगने विरोध केला, उपयोग झाला नाही. लोकांनी विकत घेतलेले सुमारे ५ लाख एफएम रेडिओ एका आदेशाने निकामी झाले.

लक्षात घ्या, त्या रेडिओंचे कंडेन्सर ठणठणीत होते. रेडिओ चालू होते, त्यांना ऐकायला स्टेशनच उरलं नव्हतं.

तोवर आरसीएने टीव्हीच्या आवाजासाठी एफएम वापरायला सुरुवात केली होती, तेही आर्मस्ट्राँगला रॉयल्टी न देता. १९४८ मध्ये त्याने आरसीए आणि तिच्या एनबीसी कंपनीवर केस केली. समोरचे वकील त्याला महिनोन्‌महिने तेच तेच प्रश्न विचारत राहिले. पेटंटची मुदत १९५० च्या शेवटी संपणार होती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मुदत संपली, रॉयल्टी आटली, वकिलांची बिलं मात्र चालू राहिली.

वीस वर्षं आधीच्या केसमध्ये घालवलेला माणूस पुन्हा त्याच खड्ड्यात उतरला होता. मॅरियन सांगत होती की आता पुरे. नोव्हेंबर १९५३ मध्ये पैशावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि रागाच्या भरात त्याने तिच्या हातावर मारलं. ती घर सोडून बहिणीकडे गेली.

३१ जानेवारी १९५४ च्या रात्री आर्मस्ट्राँगने मॅरियनला माफी मागणारं पत्र लिहिलं आणि आपलं आयुष्य संपवलं. वय ६३. नोटरीच्या त्या शिक्क्याला बरोबर ४१ वर्षं झाली होती.

मॅरियनने सोडलं नाही

इथे गोष्ट संपली असती, तर मोठ्या कंपनीसमोर एकटा माणूस हरतो एवढंच म्हणून आपण पुढे स्क्रोल केलं असतं.

पण मॅरियन उभी राहिली. जी लढाई थांबव म्हणून ती सांगत होती, तीच तिने हातात घेतली. त्याच वर्षी आरसीएशी दहा लाखांहून थोड्या जास्त डॉलरवर तडजोड केली. मग इतर कंपन्यांकडे वळली. एकेक करत सगळ्यांकडून वसुली केली. शेवटची केस मोटोरोलाविरुद्धची, ती १९६७ मध्ये जिंकली. नवरा जाऊन तेरा वर्षं झाली होती. एफएमचा जनक कोण, हा वाद कोर्टातही आर्मस्ट्राँगच्या बाजूने मिटला.

अल्पाइनचा तो टॉवर अजून उभा आहे. ११ सप्टेंबर २००१ ला वर्ल्ड ट्रेड सेंटर कोसळलं, त्यावरच्या अँटेना गेल्या, तेव्हा न्यूयॉर्कच्या काही टीव्ही केंद्रांनी तात्पुरतं प्रसारण याच टॉवरवरून केलं.

आणि ८८ ते १०८ चा तो पट्टा? आपल्याकडे एफएम लागतं ते त्याच पट्ट्यात.

आता माळ्यावरच्या रेडिओकडे परत

हे सगळं वाचून तो रेडिओ खाली काढावासा वाटला, तर काही गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, प्लग लावू नका. व्हॉल्व्हच्या रेडिओत दोनशे-तीनशे व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठलेली राहू शकते. काही रेडिओंमध्ये तर मेन ट्रान्सफॉर्मरच नसतो, त्यांच्या पत्र्याच्या चॅसीवर थेट घरातली वीज येऊ शकते. म्हणून हे काम जाणकार मेकॅनिकच्या हाताखालीच करायचं.

दुसरी, तो मेकॅनिक सगळं एकदम उपटत नाही. एक जुना कंडेन्सर काढायचा, त्याच जागी एक नवा सोल्डर करायचा, मग दुसरा. मेणकागदाच्या जागी आता प्लास्टिक फिल्मचे कंडेन्सर येतात. मायक्रोफॅरडचा आकडा शक्य तितका तोच आणि व्होल्टचा आकडा तेवढाच किंवा जास्त. इलेक्ट्रोलिटिकला अधिक-उणे बाजू असते, ती उलटी लागली तर तो फुटतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत हे भाग शोधता येतात.

तिसरी, काय बदलायचं नाही तेही महत्त्वाचं. गँग कंडेन्सरचे पत्रे वाकवू नका. आतल्या छोट्या चौकोनी डब्यांवरचे स्क्रू उगाच फिरवू नका. ४५५ चं गणित तिथेच जुळवलेलं असतं. अभ्रकाचे कंडेन्सर बहुतेक वेळा चांगलेच असतात, तपासल्याशिवाय काढू नका.

चौथी, पहिल्यांदा वीज देताना मेकॅनिक मध्ये एक बल्ब सिरीजमध्ये जोडतो. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि रेडिओ वाचतो.

काही हौशी लोक तर जुन्या कंडेन्सरची नळी कोरून रिकामी करतात, नवा कंडेन्सर आत लपवतात आणि वरून पुन्हा मेण ओततात. म्हणजे बघणाऱ्याला रेडिओ कारखान्यातून आला तसाच दिसतो.

पण लपवा किंवा उघडा ठेवा, मांडणीत काही फरक पडत नाही. तीच आतली लहर, तीच वजाबाकी, तेच ४५५. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतो, मग स्पीकरमधून हलकी फुस्स येते, काटा फिरवला की एखादं स्टेशन उमटतं. ती वजाबाकी यंत्रात बसवणाऱ्या माणसाकडून कोर्टाने एक शोध काढून घेतला आणि मित्राने एक टॉवर. माळ्यावरच्या रेडिओतून त्याची मांडणी मात्र कुणाला काढता आली नाही.

भंगारवाल्याला द्यायच्या आधी एकदा मागचा पुठ्ठा उघडून तरी बघा.